दळण आणि फेस
आपल्या फोंड्याहून डिचोली दूर नाही. तेथील लोहखनिज धुऊन स्वच्छ करण्याची रीत आपणांस ठाऊक आहे. राजस्थानातील जावरच्या शिसे-जस्ताच्या खनिजाला मात्र नुसते धुणे पुरत नाही. ते पाण्यासह पिठासारखे दळून, त्यात रसायने मिसळून हवा सोडतात. शिशाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. जस्ताची पाळी त्यानंतर. पाण्याच्या साडेसातपट जड पदार्थ तरंगावा, ही नवलाचीच गोष्ट! दळण जाडे राहिल्यास धातू दगडातच अडकतो; अतिबारीक कणांना बुडबुडा नीट पकडीत नाही. म्हणून फेसाची शुद्धता पाहून भागत नाही. खनिजातील 100 किलो शिशापैकी 85 हाती आले, तर उरलेल्याचा शोध टाकाऊ गाळ चाळून घेतात. ते दगडाला चिकटलेल्या जाड कणांत सापडले तर दोष दळणाचा. सुट्या, मध्यम कणांत सापडले तर रसायनांचा किंवा हवेचा.