रॅमचा भाव चढला आणि घरातल्या छंदाचा हिशोब निघाला

सुताचा भाव चढला म्हणजे कापडबाजारात काय होते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. ज्याच्या गोदामात माल आहे तो शटर अर्धे खाली ओढतो आणि ज्याने जुन्या भावाने ऑर्डर घेतली आहे तो डोक्याला हात लावून बसतो. २०२५ च्या अखेरीस हाच प्रकार संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात झाला. तेथे सुताच्या जागी रॅम होती. रॅम म्हणजे संगणकाची चालू कामापुरती स्मरणशक्ती. वीतभरही लांब नसलेली एक पट्टी, तिच्यावर काळ्या चिप्स बसविलेल्या. तिचा भाव काही आठवड्यांत इतका चढला की वाशीतील ओळखीचे दुकानदार फोनवर भाव सांगताना "आजच्यापुरता" हा शब्द जोडू लागले.

जगातील बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवितात: कोरियाच्या सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. ज्याला आता सगळे एआय म्हणतात, त्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी यंत्रे चालविण्यास एक खास महागडी स्मृती लागते, तिला एचबीएम म्हणतात. तिच्यात नफा मोठा. म्हणून या कंपन्यांनी आपल्या कारखान्यांचा रोख तिकडे वळविला आणि साध्या रॅमचा माल आखडला. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने तर 'क्रुशियल' या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना माल विकण्याचा धंदाच बंद करीत असल्याचे जाहीर केले. ज्या गिरणीला निर्यातीची मोठी ऑर्डर मिळाली, ती गावच्या फेरीवाल्यासाठी ताणा कशाला लावील?

नवी मुंबईकरांसाठी यात एक गंमत आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्याची ओळख कारखान्यांचा पट्टा अशी होती. आज त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. जगभर असल्याच इमारतींची भूक वाढली म्हणून रॅम महागली, आणि त्या इमारतींपासून रिक्षाच्या अंतरावर कोपरखैरण्यात राहणारा माझा भाचा एका पट्टीसाठी चार दुकाने फिरत होता.

या भाच्याविषयी घरात तक्रार आहे. वय तेवीस. दिवसा एका कचेरीत हिशोबाचे काम करतो. रात्री आणि रविवारी संगणक उघडणे, जोडणे आणि त्यावर गेम खेळणे. बहीण म्हणते, पोरगा वाया चालला. बाप म्हणतो, दुकानात बसव. मी कापडाचा माणूस, संगणकातले मला मर्यादित कळते. पण माल, हुनर आणि मजुरी या तीन गोष्टी कळतात, आणि त्याच नजरेने मी त्याच्या टेबलाकडे पाहतो.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पत्र टाइप करणाऱ्या किंवा बिल काढणाऱ्या संगणकाला कधी घाम फुटत नाही. गेम हे त्याच्या सगळ्या भागांची एकाच वेळी परीक्षा घेणारे काम आहे. चित्र सेकंदाला साठ वेळा, चांगल्या पडद्यावर एकशे चव्वेचाळीस वेळा नव्याने काढावे लागते. प्रोसेसर तापतो, ग्राफिक्स कार्ड तापते, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस हलका असेल तर ऐन रंगात यंत्र बंद पडते. म्हणून कोणता भाग खरा आणि कोणता नावापुरता, हे गेम खेळणाऱ्या पोराला दुकानदाराच्या आधी कळते. माग कसा चालतो ते मालकाला ठाऊक नसते, जॉबरला ठाऊक असते, तसेच.

खेळण्यातून मोठा धंदा उभा राहतो याचे उदाहरण दूर शोधावयास नको. आमच्या तरुणपणी ज्यांच्या कचेरीत संगणक आला ते फ्लॉपीवरून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावून बसत. तो गेम १९८९ चा. १९९३ साली अमेरिकेत एनव्हिडिया नावाची कंपनी निघाली, ती गेमसाठी ग्राफिक्सच्या चिप्स करून विकू लागली. पुढे त्याच जातीच्या चिप्स एआयच्या गणितासाठी सर्वांत सोयीच्या ठरल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये या कंपनीची बाजारातील किंमत पाच लाख कोटी डॉलरवर गेली. पोरांच्या खेळाच्या पैशावर तिचे संशोधन वर्षानुवर्षे चालले होते.

आपल्या कापडवाल्यांचा तर संगणकाशी जुना नातेसंबंध आहे, तो आपण विसरलो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जेकार्ड याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला. भोक असेल तेथे धागा उचलायचा, नसेल तेथे खाली ठेवायचा. भिवंडी-मालेगावच्या कारागिराला हे शिकवावे लागत नाही. हीच भोके पाडलेल्या पत्त्यांची कल्पना हर्मन हॉलेरिथ याने १८९० च्या अमेरिकन जनगणनेत माणसे मोजण्यास वापरली, आणि त्याच्या कंपनीपासून पुढे आयबीएम झाली. आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शब्दांवर संगणक आजही चालतो.

आता भाच्याचे काम. त्याच्या टेबलावर स्क्रू ड्रायव्हरचा संच, एक ब्लोअर, थर्मल पेस्टची ट्यूब आणि जुन्या पट्ट्यांचा डबा एवढेच असते. खाडीकाठची दमट हवा आणि बांधकामांची धूळ यामुळे इकडच्या कॅबिनेटमध्ये वर्षभरात पंख्यावर नमद्यासारखा थर बसतो. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू होते. एका शेजाऱ्याचा संगणक अर्ध्या तासाने आपोआप बंद होई. दुरुस्तीवाल्याने "मदरबोर्ड गेला, नवा घ्या" असे सांगितले होते. भाच्याने कॅबिनेट उघडले, धूळ काढली, पेस्ट बदलली, दोन तास गेम चालवून तापमान पाहिले आणि यंत्र परत दिले. मदरबोर्ड तोच.

माझ्या दुकानातील बिलाचा संगणक चालू होण्यास चहा येऊन पिऊन होई इतका वेळ घेत असे. त्याने जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसविली. फिरणारी तबकडी सेकंदाला शे-दीडशे मेगाबाइट वाचते, साधी एसएसडी पाचशेच्या वर. बाकी यंत्र जुनेच ठेवले. "मामू, नवा घ्यायची गरज नाही, याचा जीव फक्त डिस्कमध्ये अडकला होता," असे म्हणाला. मी मजुरी किती असे विचारले तर हसला. ही आपल्या घरांतील मोठी अडचण आहे. शिंप्याला आपण शिलाई देतो, सुताराला रोजी देतो आणि घरच्या पोराने चार तास खपून यंत्र जिवंत केले तर "बेटा, जरा पाहून दे" म्हणून मोकळे होतो. मी मजुरी दिली. लाजत घेतली.

वापरलेल्या मालाविषयी व्यापारी बांधवांनी विशेष सावध राहिले पाहिजे. मध्यंतरी ग्राफिक्स कार्डांचा जगभर तुटवडा होता, कारण इथेरियम हे आभासी चलन 'खणण्यासाठी' लोक ती कार्डे रात्रंदिवस चालवीत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली, खणण्याचे काम संपले आणि राबराब राबलेली कार्डे सेकंड हँड बाजारात आली. पुसून, पंखे बदलून, नव्या खोक्यात. कार्ड राबलेले असणे हा दोष नव्हे, माहीत असेल तर त्याचा भाव ठरविता येतो. सांगितले नाही, हा दोष. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याची आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारल्याची पैगंबरसाहेबांची (स.) हदीस आपण सर्वांनी मदरशात ऐकलेली आहे. भाचा जुने कार्ड विकताना ते किती तापते, पंखा कोणता बदलला, वॉरंटी उरली आहे की नाही, हे चिठ्ठीवर लिहून देतो. त्यामुळे भाव थोडा कमी येतो; गिऱ्हाईक मात्र परत येते आणि दुसऱ्याला घेऊन येते.

नव्या मालात फसवणूक वेगळी असते. त्यांच्या ओळखीच्या एका मुलाने कच्च्या बिलावर स्वस्तात कार्ड घेतले, चार महिन्यांत ते बिघडले. कंपनीच्या सेवा केंद्राने सीरियल नंबर पाहून सांगितले की हा माल भारतासाठी आलेलाच नाही. सुट्या भागांची वॉरंटी सीरियल नंबरावर चालते. तेव्हा पक्क्या बिलावर नंबर लिहून घ्यावा. ज्यांचा जीएसटी नंबर आहे त्यांना १८ टक्के कराचे क्रेडिटही त्याच बिलावर मिळते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगणे नको.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न आपल्या वाचकांसाठी सर्वांत नाजूक. गेमचा चांगला संगणक एकरकमी घेणे नोकरदार पोराला जड जाते आणि दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी समोरच असते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. बहुतेक योजनांत बँक व्याज लावतेच, दुकान किंवा कंपनी तेवढी सूट देते आणि व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाइकाकडून जातो. कागदावर व्याज लिहिलेले असते. यावर आलिमांना विचारून घ्यावे. मी फतवा देणारा नव्हे. पण असेंबल केलेल्या संगणकाची एक सोय अशी की तो एकदम घ्यावा लागत नाही. भाच्याने पहिल्या वर्षी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि चांगला एसएमपीएस घेतला. चित्रासाठी प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर भागविले. ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या वर्षी मित्रांच्या बीसीचा नंबर लागला तेव्हा घेतले. हप्ता नाही, कार्ड नाही, कर्ज नाही.

गेम म्हणजे जुगार, असे सरसकट म्हणणारेही आपल्यात आहेत. जेथे पैसे लावून पैसे मिळवायचे असतात तेथे ते खरेच आहे, आणि त्यात मोबाइलवर कित्येक घरे बुडाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैशाचे गेम चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे काढले आहेत. मोटारी पळविण्याचा किंवा किल्ला बांधण्याचा गेम पोरगा विकत घेऊन खेळत असेल, तर त्याच्या वेळेचा आणि नमाजाचा हिशोब बापाने जरूर विचारावा. त्याला जुगाऱ्यांच्या रांगेत बसवू नये.

धंद्याच्या दृष्टीने सध्याचा सर्वांत मोठा विषय माझ्या मते वेगळाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. घरगुती वापरासाठी एक वर्षाची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते आणि साधारणतः इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या पेढ्यांवर, वखारींत, क्लिनिकमध्ये जुनी यंत्रे अजून चालू आहेत. त्यांतील कोणते नवे विंडोज घेईल, कोणत्याला लिनक्स घालून बिलापुरते चालविता येईल आणि कोणते भंगारात द्यावे, हे तपासून सांगणारा माणूस प्रत्येक बाजारात लागणार आहे. रॅम महाग असताना तर अधिकच, कारण नवे यंत्र घेणे लांबणीवर टाकणारेच जास्त.

वाशीतील एका दुकानदाराने भाच्याला आपल्या दुकानात टेबल देऊ केले आहे. पगारावर नको, भागीदारीत ये, असे त्याचे म्हणणे. भांडवल त्याचे, मेहनत याची, नफा ठरलेल्या हिश्शाने; आपल्याकडे ज्याला मुदारबत म्हणतात. घरात यावर तीन बैठका झाल्या. बापाची हरकत होती की रॅमचा भाव उद्या पडला तर काय? प्रश्न रास्त आहे. मुदारबतीत मेहनत करणाऱ्याची हयगय नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा असतो, मेहनतवाल्याची मेहनत वाया जाते. आणि स्मृतीचा बाजार चढतो तसा आपटतोही. २०२३ साली याच कंपन्यांकडे माल पडून होता आणि भाव गडगडले होते.

शेवटी असे ठरले की रॅम आणि कार्डांचा साठा करावयाचा नाही. गिऱ्हाइकाकडून बयाणा घेऊन त्याच दिवशी लॅमिंग्टन रोडहून माल उचलायचा. वाशीहून हार्बरने कुर्ला, तेथून दादर, तेथून ग्रँट रोड. सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला परत. जोडणीची आणि दुरुस्तीची मजुरी बिलावर वेगळी लिहायची, नातेवाइकांसाठीही. कचेरीची नोकरी सहा महिने सोडायची नाही, टेबल संध्याकाळी आणि रविवारी. लिखापढी झाली, दोन साक्षीदार झाले, त्यांतला एक मी. नफ्याच्या हिश्शाचा आकडा अजून ठरावयाचा आहे. दुकानदार निम्मे म्हणतो, बहीण साठ टक्के मागते आहे.