अश्वशक्तीआधी ब्रेक पाहा

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर वळसंगजवळ ट्रॅक्टर आडवा आला, तर नव्या स्पोर्ट्स कारची अश्वशक्ती काय कामाची? तिथे ब्रेकच वाचवतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी १०० किलोमीटरच्या वेगातली गाडी कोरड्या डांबरावर ५० मीटरांत थांबत असेल, तर २०० च्या वेगात तिला साधारण २०० मीटर लागतात. शिवाय ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात ५५ मीटर आधीच मागे पडलेले असतात! महिंद्रच्या मालकीच्या पिनिनफारिनाची विजेवरची बत्तिस्ता दोन सेकंदांच्या आत १०० चा वेग गाठते. अप्रतिम अभियांत्रिकी, पण माझ्या मते तिची जागा ट्रॅकवरच. गावाकडे रोज फिरायचं असेल, तर गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते आधी मोजा. प्रमाणित गतिरोधकच १० सेंटिमीटर उंच असतो.