फोन लागला, आता सांगायचे काय?

हैदराबादेतल्या आपल्या बऱ्याच घरांत दुपारी तीन ते सहा या वेळेत दोनच माणसे असतात: आजी किंवा आजोबा, आणि शाळेतून नुकतेच आलेले नातवंड. म्हणून रविवारच्या बालवर्गात आम्ही पहिली ते तिसरीच्या मुलांना विचारले, "आजी स्वयंपाकघरात पडली आणि हाक मारली तरी बोलत नाही, तर काय करशील?" बहुतेकांचे उत्तर होते, "आईला फोन." आई त्या वेळी हायटेक सिटीत मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. चार-पाच जणांनी मात्र "वन झिरो एट" असे बरोबर सांगितले. मग आमच्यातल्या एकीने खोटा फोन कानाला लावला आणि हिंदीतून विचारले, "क्या हुआ? कहाँ से बोल रहे हो?" एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "आजी पडली, उठतच नाहीये." आणि कुठून? "आमच्या घरून."

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी जाताना तेच डोक्यात राहिले. नंबर पाठ आहे, एवढ्याने भागत नाही.

आधी नंबराविषयी. १०८ ची सेवा सुरू झाली ती आपल्याच शहरातून, १५ ऑगस्ट २००५ रोजी. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली, म्हणजे मे महिन्यात नांदेडला किंवा लातूरला आजोळी गेलेल्या मुलालाही हाच नंबर उपयोगी पडतो. पोलीस, आग, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी देशभर ११२ आहे. लहान मुलाला एकच पक्का करा. आमच्या मते ११२. मात्र "एकशे बारा" असे शिकवू नका. सहा वर्षांच्या मुलाला एकशे बारा म्हणजे कोणती बटणे हे चटकन उमगत नाही, आणि इंग्रजी शाळेतल्या मुलाला तर मराठी आकडेच अडतात. "एक, एक, दोन" असे बोट ठेवत, कीपॅडचे चित्र काढून शिकवा.

आता भाषा. पलीकडची व्यक्ती तेलुगू, हिंदी किंवा इंग्रजीत बोलणार. आपले मूल शाळेत या भाषा बोलते, पण घाबरले की घरचीच भाषा तोंडात येते. त्यातून घोटाळे होतात. "दादा पडला" म्हटले की आपल्याला थोरला भाऊ दिसतो, हिंदी ऐकणाऱ्याला आजोबा. दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे गृहस्थ यांच्यासाठी तयारी सारखी नसते. "गॅसचा वास येतोय" यातला वासही हिंदीत पोहोचत नाही. म्हणून दोन-तीन वाक्ये, फार नाही, शहराच्या भाषेत पाठ करून घ्या. "दादी गिर गई, बोल नहीं रही, घर में और कोई नहीं है." ज्यांच्या मुलांची तेलुगू चांगली आहे त्यांनी, "नानम्मा पडिपोयिंदि, माट्लाडट्लेदु." इंग्रजी सोपी जात असेल तर इंग्रजी. मराठी मंडळाने हिंदी-तेलुगू शिकवा म्हणावे, याचे काहींना नवल वाटेल. मराठी आपण रोज बोलतो. ही वाक्ये त्या एका वेळेपुरती आहेत.

सगळ्यांत कच्चा निघाला तो पत्ता. आपल्या जुन्या वस्त्यांतले घरक्रमांक म्हणजे वॉर्ड, ब्लॉक आणि घर असे तीन आकडे, मध्ये रेघा, शेवटी एखादी तिरकी रेघ आणि अक्षर. ते मोठ्यांनाही धड सांगता येत नाहीत. मुलाला क्रमांकाऐवजी ओळख शिकवा: आधी वस्ती, मग सगळ्यांना ठाऊक असलेली जवळची खूण, मग इमारतीचे नाव आणि मजला. "काचीगुडा, स्टेशनच्या मागची गल्ली" असे. खूण मात्र बाहेरच्याला कळेल अशी हवी. "जोशीकाकूंच्या समोर" ही खूण आपल्यापुरतीच. पूर्ण पत्ता ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर किंवा दाराच्या आतल्या बाजूला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. वाचता येणाऱ्या मुलाने तो नुसता वाचून दाखवला तरी पुरे. पत्ता सर्वांत आधी सांगायचा, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते.

फोनला लॉक असतो, हे आपण विसरतोच. पिन मागणाऱ्या पडद्यावर खाली 'इमर्जन्सी' लिहिलेले असते. ते दाबले की पिनशिवाय ११२ लावता येतो. आजीच्या फोनवर तो शब्द कुठे आहे ते मुलाला दाखवा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरण्याची सोयही सरकारी नियमाने आलेली आहे. आपल्या फोनवर ती कशी चालते हे मोठ्यांनी पाहून ठेवावे. फोन लागल्यावर स्पीकर लावायचा आणि "ठेव" म्हणेपर्यंत ठेवायचा नाही.

आणि दार! रुग्णवाहिका आली, पण वरची कडी मुलाच्या हाताला लागत नाही, असे होऊ नये. आजी आणि नातवंड दोघेच असतील तेव्हा फक्त खालची कडी लावा, ग्रिलची किल्ली ठरलेल्या खिळ्यावर ठेवा. आग किंवा गॅस असेल तर मात्र आधी बाहेर पडायचे, शेजाऱ्यांना हाक मारायची आणि फोन बाहेरून करायचा.

फोन कधी करायचा, हे चार गोष्टींत बसते: माणूस उठत नाही, श्वास घेता येत नाही, रक्त थांबत नाही, आग लागली. हरवलेली वही यात नाही. गंमत म्हणून लावायचा नाही हे सांगाच, पण त्यावरून दटावू नका. घाबरलेले मूल "आई रागावेल" म्हणून फोनला हात लावणार नाही. चुकून लागलाच तर कापून टाकण्यापेक्षा "चुकून लागला" एवढे सांगायचे.

सराव खऱ्या फोनवर नको. सिम काढलेला फोनही ११२ जोडायचा प्रयत्न करतो. पुठ्ठ्याचा फोन करा, आजोबांना ऑपरेटर करा. बालवर्गात आजोबा हा खेळ इतका रंगवतात की मुले पुन्हा-पुन्हा मागतात. आठ-पंधरा दिवसांनी एकदा खेळावा. एकदा शिकवलेले मुले लवकर विसरतात.

पुढच्या रविवारी मुलांबरोबर घराचा पत्ता आणि जवळची खूण लिहिलेली चिठ्ठी पाठवा. त्यावरून प्रत्येकाचे वाक्य बसवून देऊ, आणि जमल्यास आजी-आजोबांनीही यावे.