तीन पायांचं गाणं

रिव्हर्स घेणाऱ्या मोटारीतून किणकिणणारी धून पुष्कळदा बीथोव्हेनची असते. ‘फ्यूर एलिझ’ ही त्याची १८१० सालची पियानोरचना. हीच धून दारावरच्या बेलमध्ये आणि उघडताच गाणाऱ्या शुभेच्छापत्रांतही सापडते. घरी खेळणी बनवणाऱ्यांना ती यूएम ६६ या तैवानी चिपच्या रूपात परिचयाची आहे. तीन पाय, शेंगदाण्याएवढा जीव. अंगावरचा नंबर वाचला नाही तर कुणीही तिला ट्रान्झिस्टर समजेल.

ही चिप इतकी स्वस्त असते, कारण तिच्यात आवाज नसतोच, असतं ते फक्त नोटेशन. टेलिफोनच्या दर्जाचं बोलणं डिजिटल रूपात साठवायचं तर एका सेकंदाला ८,००० नमुने लागतात. यूएम ६६ मध्ये अख्खं गाणं जास्तीत जास्त ६४ स्वरांचं, आणि प्रत्येक स्वराची नोंद दोनच गोष्टींची: उंची किती, लांबी किती. आतला ऑसिलेटर सेकंदाला ६४,००० ठोके देतो असं धरा. त्याला १४५ने भागलं की सुमारे ४४१ उरतात. वाद्यं जुळवताना ४४० हर्ट्झचा स्वर प्रमाण मानतात, त्याच्या अगदी शेजारचा हा स्वर. भाजक बदलला की स्वर बदलतो. चिप गाते म्हणजे भराभर भागाकार करते!

हे नोटेशन कारखान्यातच कोरलेलं असल्याने बदलता येत नाही. गंमत करायची तर आठ पायांची यूएम ३५६१ घ्यावी. पोलीस, अग्निशमन बंब, रुग्णवाहिका आणि मशीनगन असे चार आवाज ती काढते. ठोक्यांचा वेग बाहेरचा २२० किलोओहमचा रेझिस्टर ठरवतो. तो वाढवला की सायरनचा घसा बसतो. स्वतःचाच आवाज हवा असेल तर आयएसडी १८२० सुमारे दहा सेकंदांचं बोलणं साठवते.

अशी चिप विकत घ्यायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली गाठण्याआधी घरातला मोडक्या खेळण्यांचा खोका उपसा. सर्किट बोर्डावर काळा, टणक थेंब दिसला की समजा, एपॉक्सीखाली उघडी चिप आहे. ती खरवडू नका, केसाहून बारीक तारा तुटतील. बोर्डच वायरींसकट उचला.

यूएम ६६ ला दोन पेन्सिल सेल, म्हणजे तीन व्होल्ट पुरतात. नऊ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर चिप जळू शकते. पिएझो चकती सरळ जोडली तरी वाजते. स्पीकर हवा असेल तर मध्ये एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावा.

शुभेच्छापत्र फाडून चिप काढलीत, तर त्यातला बटण सेल मात्र लगेच लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा करतो. खेळण्यात पेन्सिल सेलच घाला, आणि झाकण स्क्रूने आवळा.