बाळांना उचलायला हात किती?

पाळणाघर निवडताना आपण बायका किती बारकाईने पाहतो! फरशी स्वच्छ पुसलेली आहे का, दूध उकळून देतात का, दुपटी वेळच्या वेळी बदलतात का, बाईंचा स्वभाव मायेचा आहे का आणि हो, महिन्याला घेतात किती! एवढं सगळं विचारून झालं की निघता निघता आपण एक सूचना हमखास करतो. 'बाई, दाराला आतून कुलूप घालत जा हं. आमचं ध्यान फार पळतं!' बाई मान डोलावतात. लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप लागतं, किल्ली फ्रीजवरच्या डब्यात जाते आणि आपण निश्चिंत मनाने कामाला लागतो.

मैत्रिणींनो, आज मला या कुलपाबद्दलच बोलायचं आहे. समजा, त्या घरात आग लागली किंवा गॅस गळू लागला, तर सगळी मुलं बाहेर कशी येणार? कोणत्या दाराने? कोणाच्या कडेवर? दुधाची चौकशी करणाऱ्या आपण हा प्रश्न कधी विचारतो का?

घडलेल्या गोष्टी

विषय अशुभ खरा, पण डोळे मिटून तो टळत नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम् इथे एका शाळेच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली. बाहेर पडायची वाट अरुंद होती. ९४ मुलं गेली. ५ जून २००९ रोजी मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात पाळणाघराला लागून असलेल्या गोदामात आग लागली आणि ती पाळणाघरात शिरली. संकटकाळी उघडायचं दार उघडता येईना. शेवटी एका माणसाने आपली गाडी भिंतीवर आदळून भगदाड पाडलं, म्हणून काही मुलं निघाली. ४९ लेकरं मात्र वाचली नाहीत. आणि आपल्या भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात बालकांच्या कक्षात जे झालं, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. १० बाळं दगावली.

कुंभकोणम् च्या घटनेनंतर एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २००९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की मुलाच्या शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. शाळेत आग विझवण्याची साधनं हवीत आणि ती वापरण्याचं शिक्षण शिक्षकांना द्यायला हवं. शाळांचं झालं. पण गल्लीतल्या घरगुती पाळणाघरात हे सगळं आहे की नाही, ते कोण पाहणार? तिथे रोज जाणाऱ्या आपणच!

हातांचा हिशोब

मोठ्या शाळेत घंटा झाली की मुलं रांगेने बाहेर येतात. पाळणाघराचं तसं नाही. तान्हं बाळ उचलावंच लागतं. दीड-दोन वर्षांचं मूल चालतं, पण जिन्यावर त्याचा भरवसा नाही. म्हणून पाळणाघराच्या योजनेचा पाया म्हणजे हातांचा हिशोब.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या मजल्यावरचं पाळणाघर. मुलं बारा: तीन तान्ही, चार दुडदुडणारी, पाच मोठी. सांभाळायला बाई आणि त्यांची एक मदतनीस. बाईंनी एक बाळ छातीशी बांधलं, दुसरं कडेवर घेतलं. मदतनीस मुलीने तिसरं बांधलं. आता तिचे दोन हात मोकळे, बाईंचा एक. पाच मोठी मुलं कठडा धरून उतरतील. पण चार दुडदुड्यांना तीन हात! शिवाय कोणी मागे राहिलं का, हे बघायला कोण थांबणार? हिशोब काही जुळत नाही.

तो जुळवायचे मार्ग आहेत. मुलं कमी घ्यावीत, मदतीची बाई वाढवावी किंवा पाळणाघर तळमजल्यावर आणावं. तळमजला असेल तर चाकांच्या एका भक्कम पाळण्यात तिन्ही तान्ही ढकलत नेता येतात. मात्र तो पाळणा दारातून जातो का, हे आधी टेपने मोजून पाहा. आणि शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवलेलं असावं. 'शिट्टी ऐकली की वर या, दोन मुलं उचला,' एवढं खालच्या शिंपीकाकांना आणि समोरच्या काकूंना सांगायला काय जातं? दोघांचे मिळून चार हात झाले.

बाळ बांधायला मऊ, मजबूत सुती कापड दाराजवळच्या खुंटीला टांगलेलं असावं. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणी मूल बांधून दिवसभर काम करतात. ते आपल्याला दोन मिनिटांसाठी का जमू नये? पण सवय मात्र आधी हवी.

नकाशा काढू या

घराचा नकाशा काढायला इंजिनीयर लागत नाही. चौकटींची वही घ्या, एक पाऊल म्हणजे एक चौकट धरा आणि घरभर पावलं मोजत फिरा. भिंती, दारं, खिडक्या, जिना काढा. मग त्यात गॅस, विजेचं मुख्य बटण, आग विझवायचं नळकांडं आणि तान्ह्यांचे पाळणे दाखवा. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायची पहिली वाट हिरव्या बाणांनी आणि दुसरी लाल बाणांनी रंगवा. काही खोल्यांना दुसरी वाटच नाही, असं नकाशा काढतानाच लक्षात येईल. त्या खोल्यांत मुलांना झोपवायचं नाही. तान्ह्यांची जागा बाहेरच्या दाराजवळ आणि स्वयंपाकघरापासून लांब.

नकाशा प्रत्येक दाराशी मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावा. कागदावर उजवीकडे दाखवलेलं दार पाहणारीच्या उजव्या हातालाच यायला हवं. घाबरलेल्या माणसाला कागद मनात फिरवून बघणं सुचत नाही. 'तुम्ही इथे आहात' अशी ठळक खूण करा. आणि नकाशात मोकळी दाखवलेली वाट खरोखर मोकळी ठेवा. चपलांचं कपाट, रिकामे सिलिंडर, जिन्याखालची स्कूटर हे सगळं आधी हलवा.

आता ते कुलूप. मूल रस्त्यावर पळेल ही आईची भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे उंचावरची कडी. मुलाचा हात पोचणार नाही, पण कोणतीही बाई किल्लीवाचून आतून एका हाताने उघडू शकेल. खिडक्यांच्या जाळ्यांपैकी निदान एक उघडणारी असावी. धुरात किल्ली शोधायला वेळ नसतो.

सराव

कागद भिंतीवर लावला आणि काम झालं, असं नाही. मी सकाळी दोन तास बालवाडीत शिकवते. आमच्याकडे महिन्यातून एकदा 'आगगाडी'चा खेळ असतो. शिट्टी झाली, की हातातलं टाकायचं आणि गाठी मारलेल्या दोरीची एकेक गाठ धरून चालू लागायचं. पहिल्याच खेळात एक चिमुरडी शिट्टीला घाबरून टेबलाखाली जाऊन बसली होती. मुलं घाबरली की लपतात, हे लक्षात ठेवा. म्हणून शेवटी निघणारीने न्हाणीघर, पडद्यामागे, खाटेखाली पाहायचं. रिकाम्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, म्हणजे धूर लवकर पसरत नाही.

एखादा सराव दुपारी, सगळी झोपलेली असताना करावा. कधी नेहमीचं दार बंद आहे असं समजून दुसऱ्या वाटेने न्यावं. धूर वर चढतो, तेव्हा खाली वाकून, रांगत जायचं हे मुलांना शिकवावं. बंद दाराला हाताची मागची बाजू लावून पाहावी. गरम लागलं तर ते उघडू नये. लिफ्ट वापरू नये.

दाराशी खिळ्याला हजेरीची वही असावी आणि मधेच घरी गेलेल्या मुलाची नोंद तेव्हाच व्हावी. नाहीतर घरी जेवत बसलेल्या बंटीसाठी कोणी आगीत शिरायचं! एकत्र जमायची जागा ठरलेली असावी, बंबाच्या वाटेत न येणारी. तिथे नावं घेऊन मोजावं. बाहेर आल्यावर ताबडतोब १०१ किंवा ११२ ला फोन करावा आणि कशासाठीही परत आत जाऊ नये. जमायची जागा आयांनाही ठाऊक हवी, म्हणजे धावत येणारी आई तिथेच येईल, जळत्या दाराकडे जाणार नाही.

उद्या मुलाला सोडायला जाल तेव्हा बाईंना चारच प्रश्न विचारा. दार किल्लीशिवाय उघडतं का? दुसरी वाट कुठली? बाळं कोण उचलणार? मागचा सराव कधी झाला? पण उलटतपासणी घेतल्यासारखं विचारू नका. बाई दोन पैशांसाठी आपली लेकरं सांभाळतात, हे विसरू नका. पदर खोचा आणि म्हणा, 'चला, रविवारी आपण दोघी मिळून नकाशा काढू. कडीला सुतार मी आणते.' चार आयांनी वर्गणी काढली तर कडी, दोरी आणि शिट्टी आरामात येईल. हे सगळं कधी वापरायची वेळ येऊ नये, हीच आपली प्रार्थना. पण आलीच, तर किल्ली शोधण्यात वेळ जायला नको.