धुऱ्यावरचा धोतरा कुणाच्या यादीत नाही

२६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन आला की शाळांत शपथा होतात, पोलीस ठाण्यांकडून फलक लागतात आणि वर्तमानपत्रांत जप्तीचे आकडे येतात. एमडी, गांजा आणि हल्ली परदेशातून टपालाने येणारे एलएसडीचे ‘स्टॅम्प’. या बातम्या वाचकांनी वाचलेल्याच आहेत. मला ज्या नशेबद्दल लिहायचे आहे, तिच्यासाठी पार्सल मागवावे लागत नाही. अकोल्याहून वाशीमकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर पातूर लागते. मृगाचा पाऊस पडला की इथल्या पडीत जागांवर, उकिरड्यांजवळ, शेताच्या धुऱ्यावर धोतरा उगवतो. पांढरे किंवा जांभळट कर्ण्यासारखे फूल, काटेरी बोंड आणि त्यात खच्चून भरलेले बी. ही वनस्पती भ्रम निर्माण करते, जीव घेऊ शकते, आणि आपल्या सगळ्या व्यसनमुक्तीच्या बोलण्यात तिचे नावही येत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दारू घेणारे १४.६ टक्के होते आणि भ्रमकारक पदार्थ घेणारे ०.१२ टक्के. आकडा लहान दिसतो, म्हणून हा विषय मोठ्या शहरांतल्या पार्ट्यांचा आहे असे आपण धरून चालतो. पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची ‘डीएसएम-५’ ही निदानपुस्तिका भ्रमकारक पदार्थांच्या वर्गात एलएसडी आणि मशरूमच्या बरोबरीने धोतऱ्याच्या कुळातली वनस्पतीही धरते. वैद्यकाच्या लेखी पातूरचा धुरा आणि गोव्याची पार्टी एकाच प्रकरणात येतात.

गोव्याचे नाव निघालेच आहे तर साडेचारशे वर्षे मागे जाऊ. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथेच राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातला एक संवाद धोतऱ्यावर आहे. बोलणे चाललेले असताना एक मुलगी धावत येते आणि सांगते, घरातल्या दासीने मालकिणीला धोतरा चारला, किल्ल्या आणि दागिने घेतले आणि ती पळाली. ओर्ता जाऊन पाहतो तर बाई हसते आहे. काय विचारावे त्याला हसूनच उत्तर. अशा माणसाच्या अंगावरचे दागिने कुणीही उतरवून घ्यावेत, तो हसतच राहतो, असे ओर्ताने नोंदवले आहे. उपचार म्हणून तो वांतीची औषधे आणि बस्ती देतो. मला या नोंदीचे फार महत्त्व वाटते. त्याने त्या बाईला झपाटलेली म्हटले नाही, पापी म्हटले नाही. विष ओळखले आणि उपचाराला लागला. पुढे, १५६८ मध्ये तो वारल्यावर, १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली, कारण तो छुपेपणाने ज्यू धर्म पाळत होता असा ठपका त्याच्यावर ठेवला गेला.

ओर्ताने पाहिलेला गुन्हा नंतर भारतीय न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत कायमचा जाऊन बसला. प्रवाशाला चहात, पेढ्यात, पानात धोतऱ्याचे बी देऊन लुटायचे, म्हणून त्याला वाटमारीचे विष म्हणत. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला धोतऱ्याचे बी आणि मिरचीचे बी यांतला फरक आजही पाठ करावा लागतो. दोन्ही इतकी सारखी दिसतात की तिखट भाजीत मिसळले तर कळत नाही.

आता शरीरात काय होते ते पाहू. धोतऱ्याच्या प्रत्येक भागात अॅट्रोपिन, हायोसिन आणि हायोसायमिन ही द्रव्ये असतात. आपल्या मज्जातंतूंचे कितीतरी निरोप अॅसिटिलकोलीन या रसायनातून अवयवांपर्यंत जातात. ही द्रव्ये तोच निरोप अडवतात. तोंडाला कोरड पडते, गिळता येत नाही. बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचे दिसेनासे होते. घाम थांबतो, अंग तापते, लाल होते. नाडी धावते. लघवी तुंबते, पोट फुगते. मग मेंदूची पाळी. माणूस हवेतल्या न दिसणाऱ्या वस्तू पकडतो, कपड्यावरचे नसलेले किडे वेचतो, समोर नसलेल्या माणसाशी बोलतो. एलएसडी घेतलेल्याला बहुधा कळत असते की हे औषधामुळे दिसते आहे. धोतऱ्यात ते भानच सुटते. त्यामुळे रस्त्यावर, विहिरीकडे, आगीकडे जाऊन होणारे अपघात वेगळेच.

अर्ध्या-एक तासात सुरू झालेला हा प्रकार दिवस-दीड दिवस, कधी त्याहून जास्त टिकतो. आतड्यांची हालचाल मंदावल्याने बी पोटात पडून राहते आणि विष झिरपत राहते. एकाच झाडाच्या दोन बोंडांतही विषाचे प्रमाण सारखे नसते. म्हणून ‘थोडेसे घेतले तर चालते’ हे खोटे आहे. एकाला चढले नाही म्हणून दुसरा त्याच मापाने घेतो आणि दवाखान्यात पोचतो.

वऱ्हाडच्या डॉक्टरांना या विषाची ओळख मात्र चांगली आहे, आणि तीही उलट्या बाजूने. फवारणीतून किंवा आत्महत्येच्या प्रयत्नातून कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण आला, ते कीटकनाशक ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले निघाले, की त्याला अॅट्रोपिनच देतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून अॅट्रोपिनचे नाव इथल्या खेड्यांतही माहीत झाले. अॅट्रोपिन प्रमाणाबाहेर गेले की तोच रुग्ण पलंगावर उठून बसतो, चादर ओढतो, बडबडतो. धोतऱ्याचे चित्र हेच. म्हणूनच शेतातून बेभान अवस्थेत आणलेल्या माणसाच्या बाबतीत फरक ओळखणे जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. कीटकनाशकात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, घाम फुटतो. धोतऱ्यात बाहुल्या मोठ्या आणि तोंड-त्वचा कोरडीठाक. एकाचा उतारा दुसऱ्याला दिला तर आगीत तेल.

उपचार अवघड नाहीत, वेळेवर मात्र हवेत. शांत, अंधुक खोली. अंग थंड करणे. तुंबलेली लघवी नळीने काढणे. रुग्णालयात, योग्य वेळेत आला असेल तर, पोटातले विष शोषणारा कोळसा. खवळलेल्या रुग्णाला डायझेपामच्या गटातले औषध. नेहमीची काही मनोविकाराची आणि अॅलर्जीची औषधे इथे उलटी पडतात, कारण ती हाच निरोप आणखी अडवतात. फायसोस्टिग्मिन हा खरा उतारा; १८६४ मध्येच प्राग इथे अॅट्रोपिनच्या विषबाधेवर तो वापरला गेला. पण तो सगळीकडे मिळत नाही आणि जपूनच द्यावा लागतो.

आणि व्यसन? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे. धोतऱ्याचा अनुभव इतका भयाण असतो की बहुतेक जण पुन्हा वाटेला जात नाहीत. जे जातात ते बहुधा गांजात, भांगेत, दारूत मिसळून. एलएसडीचीही सलग सवय सहसा लागत नाही: काही दिवस सलग घेतले की ती चढेनाशी होते, आणि सोडल्यावर दारूसारखी थरथर किंवा अफूसारखी तळमळ होत नाही. म्हणून निदानपुस्तिकेत भ्रमकारक पदार्थांच्या व्यसनाच्या विकारासाठी सोडल्यावरच्या त्रासाची अट नाही. उरलेल्या १० खुणांपैकी वर्षभरात २ दिसल्या तरी विकार मानतात. ठरवल्यापेक्षा जास्त घेणे, सोडायचे म्हणून न सुटणे, शाळा-काम बुडणे, धोक्याच्या जागीही घेणे, अशा त्या खुणा आहेत. काहींना एलएसडी सोडल्यावरही महिनोन्महिने हलत्या वस्तूंमागे रेघा आणि दिव्यांभोवती वलये दिसत राहतात. एलएसडी म्हणून विकल्या जाणाऱ्या कागदावर कधी एनबोम गटातले रसायन असते. त्याने झटके आले आहेत, माणसे मेली आहेत.

या विकारावर मंजूर झालेली एकही गोळी नाही. समुपदेशन, घरच्यांचा सहभाग, सोबतचे नैराश्य किंवा मनोविकार यांवर उपचार आणि दीर्घकाळची सोबत, एवढेच हातात आहे, आणि ते कमी नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने महाराष्ट्राला हेच दाखवले: व्यसनी माणूस गुन्हेगार नसतो, रुग्ण असतो. कायद्यातही त्याला जागा आहे. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, ठरावीक गुन्ह्यांपुरते, खटल्यापासून संरक्षण देते. याच कायद्यात एलएसडीचे ०.१ ग्रॅम म्हणजे व्यापारी प्रमाण, शिक्षा किमान १० वर्षे. धोतरा या कायद्याच्या यादीत नाही. तो असावा असेही मला वाटत नाही. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या आणि आयुर्वेदात शोधन करून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीवर पोलीस सोडून काय होणार? पण कायद्याच्या यादीत नाही म्हणून शाळेच्या शपथेतही नाही, आरोग्य विभागाच्या फलकावरही नाही, हे मला मान्य नाही. आठवी-नववीच्या मुलांना एमडीचे दुष्परिणाम सांगणारे व्याख्यान शाळेच्या कुंपणालगतच्या झाडाबद्दल गप्प राहते.

शेतकऱ्यांनाही एक सांगणे आहे. २०१९ मध्ये युगांडाच्या करामोजा भागात मदत म्हणून वाटलेल्या पौष्टिक पिठातून सुमारे ३०० लोकांना विषबाधा झाली, ५ जण दगावले. त्या पिठात धोतऱ्यातलीच द्रव्ये सापडली. असे आपल्याकडेही होऊ शकते: अकोला जिल्ह्याचे मुख्य पीक सोयाबीन आहे आणि पिकाबरोबर कापले गेलेले तण मळणीत मिसळते. बोंड धरण्याआधी धोतरा उपटून टाका.

आणि एखाद्या रात्री घरातले पोरगे असंबद्ध बोलू लागले, तर “पोट्ट्याले बाहेरचं लागलं” म्हणून उतारे टाकण्यात वेळ घालवू नका. बाहुल्या पाहा, तोंड कोरडे आहे का पाहा. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका, एकटे सोडू नका, काय खाल्ले त्याचे उरलेले बी किंवा बोंड बरोबर घ्या आणि १०८ ला फोन करून जवळचा सरकारी दवाखाना गाठा. तिथून गरज पडली तर अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे. शुद्धीवर आल्यावर त्याला झोडू नका. व्यसनाबद्दल बोलायचे असेल तर १४४४६ आणि मनाच्या त्रासाबद्दल १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. ते आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये साठवून ठेवा.