भिंतीवरून चालणारी बी

दोस्तांनो, अंबडला राहता ना? मग आज एक काम करा. बाथरूमच्या भिंतीचे कोपरे, कपाटामागची जागा, माळ्यावरच्या गाद्यांच्या आसपासची भिंत नीट निरखून बघा. काकडीच्या सुकलेल्या बीसारखं काहीतरी करडं, चपटं चिकटलेलं दिसलं, तर त्याला पट्टी लावा. लांबी साधारण ८ ते १४ मिलिमीटर भरेल. घरात विचाराल तर कुणी म्हणेल पालीची घाण, कुणी म्हणेल झुरळाची अंडी. लगेच केरसुणी आणू नका हं! थोडा वेळ गप्प बसून बघा. नशीब असेल तर ती ‘बी’ चक्क चालायला लागेल!

घाण चालत नाही, अंडीही चालत नाहीत. मग आत कोण आहे?

अनोळखी किडा ओळखायचा तर आधी पाय मोजायचे. भिंग घ्या. बघा, टोकातून तपकिरी डोकं बाहेर आलं, मागोमाग पाय. एक, दोन, तीन जोड्या. म्हणजे सहा पाय. कोळ्याला आठ असतात, तेव्हा हा कोळी नव्हे. आता आतलं अंग. ते मऊ, पांढुरकं, बिनपंखांचं. पोटाखाली आखूड, मांसल पायांच्या आणखी पाच जोड्या असतात, पण त्या बीसारख्या दिसणाऱ्या पिशवीतच लपलेल्या. पुढच्या सहा पायांनी चालायचं आणि मागच्या पायांनी पिशवी पकडून ठेवायची! पोटाखालचे हे जादा पाय म्हणजे सुरवंटाची खूण. सापडला की नाही चोर? हा आहे एका छोट्या करड्या पतंगाचा सुरवंट. इंग्रजीत त्याला हाउसहोल्ड केसबेअरर म्हणतात. त्याचं कुळ टिनेइडी. लोकरीच्या कपड्यांना भोकं पाडणारी कसर याच कुळातली. या केसबेअररची फेरिओइका युटेरेला नावाची एक जात आहे. तिचं शास्त्रीय वर्णन वॉल्सिंगहॅम या इंग्रज अभ्यासकाने १८९७ मध्ये केलं.

आता खरी गंमत ऐका. ही पिशवी तो स्वतः बांधतो. अंड्यातून निघालेला इवलासा सुरवंट तोंडातून रेशीम काढतो आणि आधी एक कमान उभारतो. तिच्यावर बाहेरून वाळूचे कण, धूळ, केस, धागे चिकटवतो. आतून मात्र नुसतं मऊ रेशीम. मग कमान वाढवत वाढवत तिचा बोगदा करतो, खालची बाजूही बंद करतो आणि झाली पिशवी तयार! दोन्ही टोकांना दारं. सुरवंट कात टाकून वाढतो, तशी पिशवीही वाढवतो. मध्ये ती रुंद असते, कारण त्याला आतल्या आत वळून दुसऱ्या दारातून डोकं काढायचं असतं.

आणि हा खातो काय? कोळ्यांची जुनी जळमटं! शिवाय मेलेले किडे, गळलेले केस, लोकर आणि रेशीमही. सुती कपड्यांची काळजी नको, पण आजीची येवल्याची पैठणी असेल तर कपाट कोरडं नि स्वच्छ ठेवा. दमट जागा त्याला मानवते, म्हणून पावसाळ्यात भिंतींना ओल आली की जास्त लक्ष ठेवा. तो चावत नाही, डंख मारत नाही. पण दुसरा कुठला अनोळखी किडा दिसला, विशेषतः केसाळ सुरवंट, तर हात लावायचा नाही. काचेच्या भांड्याखाली ठेवून बघायचं.

वाढ पुरी झाली की तो भिंतीवर चढतो, पिशवीची दोन्ही टोकं रेशमाने चिकटवतो आणि आतच कोषात जातो. काही दिवसांनी एका टोकातून पतंग बाहेर पडतो.

आता तुमच्यासाठी एक शोधकाम. रिकामी पिशवी मिळाली तर पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाने तपासा. भिंतीच्या रंगाचा पोपडा सापडतो का? एमआयडीसीतून आलेल्या बाबांच्या कपड्यांवरच्या गंजाचा तांबूस कण? स्वेटरचा धागा? मग निफाडला किंवा इगतपुरीला राहणाऱ्या मावसभावालाही त्याच्या घरातली एक पिशवी शोधायला सांगा. दोन्ही शेजारी ठेवा, तारीख आणि जागा वहीत लिहा, आणि कोणता कण कुठून आला असेल ते दोघं मिळून ठरवा.